खांडगेसाहेबांची रायफल

खांडगेसाहेब हॉटेलात शिरले की मेन्यूकार्डाच्या आधी मागचा दरवाजा मागत. बर दुबई भागातल्या आमच्या नेहमीच्या थाळीवाल्याकडे त्यांना पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी वेटरला विचारलं, "भाई, आग लगी तो हम किधर से निकलेंगे?"

वेटर नवा होता. तो म्हणाला, "साब, किचन से."

"और आग किचन में लगी तो?"

वेटर मालकाला बोलवायला गेला. मालक येईपर्यंत साहेबांनी आपली खुर्ची भिंतीला टेकवली होती, टेबल छताच्या दिव्याखालून हातभर बाहेर ओढलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी कुटुंबालाही, आजीबाईंसकट, हातभर सरकायला लावलं होतं. गंमत म्हणजे ते कुटुंब मुकाट्याने सरकलं. साहेबांच्या चेहऱ्यावर एक अशी काळजी असायची की समोरच्याला वाटे, यांना काहीतरी आतली बातमी आहे.

ते जबल अलीतल्या आमच्या गोदामात सेफ्टी ऑफिसर होते. गोदाम एवढं मोठं की एका टोकाला ईदचा शिरखुर्मा वाटायला सुरुवात केली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत बकरी ईद यायची. त्या अवाढव्य पसाऱ्यात साडेतीनशे माणसं, चाळीस फोर्कलिफ्ट आणि सात मजली उंच रॅक. मी तिथे आयात-निर्यातीचे कागद बघतो. साहेब रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबत. गुड मॉर्निंग त्यांनी जन्मात कधी म्हटलं नाही. विचारत, "काय मोकाशी, आज काय पडू शकतं?"

मी एकदा म्हणालो, "रुपया."

ते हसले नाहीत. वर बघितलं, माझ्या डोक्यावरच्या फाइलींचं कपाट हलवून पाहिलं आणि दुपारी सुतार पाठवून ते भिंतीला ठोकून घेतलं.

सहा फूट उंची, काटक अंग, जुन्नर तालुक्यातला खणखणीत आवाज आणि खिशात एक टॉर्च, एक शिट्टी, दोन जोड हातमोजे. टॉर्च भर दुपारीसुद्धा. विमानात बसले की दारापर्यंतच्या रांगा मोजून हाताच्या बोटांवर पक्क्या करायचे. घरी तर विचारू नका. वहिनी सांगत, "यांना घरात धारदार सुरी चालत नाही. मी गेली वीस-बावीस वर्षं टोमॅटो चिरत नाही, चेंगरते." त्यांची मुलगी सई दुबईतच वाढलेली. ती म्हणायची, "अंकल, बाबा इज स्केअर्ड ऑफ द टोस्टर. लिटरली." आणि साहेब गंभीरपणे खुलासा करायचे की टोस्टरची भीती नाही, टोस्टर चालू असताना लोक बाथरूमला जातात त्याची आहे.

गोदामातली पोरं सुरुवातीला त्यांची नक्कल करायची. ती बंद पडली एका दुपारनंतर. रॅकच्या एका खांबाला अंगठ्याच्या पेराएवढा बाक आलेला साहेबांना दिसला. त्यांनी शिट्टी फुंकली आणि ती अख्खी गल्ली रिकामी करायला लावली. ऑपरेशन्सचा मॅनेजर धावत आला. तीन कंटेनर दारात उभे, ग्राहक फोनवर, आणि हा माणूस शिट्टी तोंडात धरून गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभा. मॅनेजर ओरडला, ओरडून बसला, पाणी प्यायला, पुन्हा ओरडला. साहेबांचे हात थरथरत होते. पण ते हलले नाहीत. तासाभराने खांब बसला. सात मजल्यांवरचे टोमॅटोच्या पेस्टचे डबे असे खाली आले की पुढचे दोन आठवडे गोदामातली मांजरंसुद्धा लाल होती. माणूस एकही नव्हता त्या गल्लीत. त्या दिवसापासून साहेब दिसले की पोरं हेल्मेटचा पट्टा आपोआप आवळायची.

असा माणूस रायफल घेण्याच्या गोष्टी करू लागला, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला थापाड्या म्हटलं असतं. आणि थापांच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा धरायला हरकत नाही.

सुरुवात कॅन्टीनमध्ये झाली. साहेबांची थोरली बहीण, सुमनआक्का, जुन्नरकडे उसाच्या शेतात एकट्या राहत. वय एकाहत्तर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन म्हशी आणि मोती नावाचा कुत्रा. शेतातच स्लॅबचं घर आणि घराच्या तीन बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्या भागात बिबट्या आता जंगलात राहत नाही, उसात राहतो. पिल्लंही उसातच होतात आणि मोठी होऊन त्यालाच घर समजतात. साहेबांनी आक्कांच्या ओट्यावर कॅमेरा बसवून घेतला होता. रोज जेवायच्या सुट्टीत, डब्याचं झाकण उघडण्याआधी, ते फोनवर आदल्या संध्याकाळचं चित्रण बघत.

त्या मंगळवारी त्यांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

पडद्यावर ओटा होता. प्लास्टिकची खुर्ची, आक्कांच्या चपला, बंद दार. संध्याकाळची सात-सव्वासातची वेळ. डावीकडून तो आला. घाई नव्हती त्याला. आपल्याच घरी आल्यासारखा ओट्यावर चढला, चपला हुंगल्या आणि दाराकडे तोंड करून बसला. नुसता बसला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. दाराखालच्या फटीतून आतला उजेड येत होता, आणि त्या उजेडात दोन काळ्या सावल्या होत्या.

"काय आहेत त्या?" मी विचारलं.

"आक्काचे पाय."

आक्का दाराच्या आत उभ्या होत्या. कडीवर हात ठेवून, असं त्यांनीच नंतर फोनवर सांगितलं. म्हशीला पेंड घालायला निघालेल्या. मोती रोज कडीच्या आवाजाला भुंकतो, आज भुंकला नाही, म्हणून थांबल्या. चार मिनिटं तो बाहेर आणि त्या आत, मधे एक इंच लाकूड. मग तो उठला आणि आला तसा गेला. मोती पुन्हा दिसला नाही.

आमच्या टेबलाभोवती तोवर दहाबारा जण जमले होते. सगळ्यांनी डबे बाजूला सारले होते. आमचा पठाण ड्रायव्हर गुलखान, ज्याने खैबरच्या घाटात काय काय पाहिलंय ते तो रोज नव्याने सांगतो, त्यानेसुद्धा पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"साब," तो म्हणाला, "बंदूक ले लो."

दोन दिवसांनी साहेब माझ्या केबिनमध्ये आले. दार लावलं. दोघांचे फोन काढून बाहेरच्या टेबलाच्या खणात ठेवले. मग कागदाच्या कपट्यावर एक शब्द लिहून माझ्यापुढे धरला: रायफल. मी वाचताच तो कपटा त्यांनी फाडला, पाण्यात भिजवला आणि निम्मा माझ्या, निम्मा शेजारच्या केबिनच्या टोपलीत टाकला.

"इथे हा शब्द मोठ्याने बोलायचा नाही," ते कुजबुजले. "आपण 'ते सामान' म्हणू."

"अहो साहेब, पण सामान मिळणार कसं? परवाना?"

"तोच तर घोळ झालाय. परवाना आहे."

घोळ असा होता. दोन वर्षांपूर्वी रानडुकरांनी आक्कांचा भुईमूग उकरला तेव्हा भाऊबंदांनी यांच्यामागे लकडा लावला, बंदुकीच्या परवान्याचा अर्ज कर. अर्ज नामंजूर होणार याची खात्री असल्यामुळे साहेबांनी तो केला. म्हणजे करून पाहिलं, झालं नाही, असं म्हणायची सोय. आणि तो मंजूर झाला. परवाना हातात आल्यापासून ते घाबरून होते. तो कागद त्यांनी वहिनींच्या लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवला होता. आता त्यावर खरेदी करण्याची मुदत संपत आली होती. निवृत्तीला सहा महिने उरले होते.

"आणि दुसरं असं," साहेब म्हणाले, "यादीत आहे."

कोणती यादी ते मला सांगावं लागलं नाही. आखातातून कायमचं परतणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. काय काय नेता येतं, टीव्ही केवढा, सोनं किती, फ्रीजचं काय. लोक नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्या यादीची पारायणं करतात. त्याच नियमांच्या एका कोपऱ्यात लिहिलंय की परतणाऱ्याकडे परवाना असेल तर तो एक बंदूकही नेऊ शकतो. लाखभर लोकांनी ती ओळ वाचली असेल आणि पुढे टीव्हीकडे वळले असतील. सेफ्टी ऑफिसर मात्र प्रत्येक ओळ वाचतो.

"म्हणजे घेणार?"

"मी कुठे म्हटलं घेणार? मला भीती वाटते." दाराची कडी पुन्हा तपासून म्हणाले, "पण न घेण्याचीही वाटते."

अबू धाबीत दरवर्षी शिकारीच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरतं. शनिवारी आम्ही तिथे गेलो. गाडी मी चालवली, ब्रेक साहेबांनी दाबले, शेजारच्या सीटवरून, रिकाम्या जागेत, दीडशे किलोमीटर. आत डोळ्यांवर टोप्या घातलेले ससाणे होते, एकेकाची किंमत अशी की तेवढ्यात माझी इमारत लिफ्टसकट यावी. उंटांचे साज, तंबू, आणि बंदुकांची अख्खी एक गल्ली. साहेब त्या गल्लीतून दोन्ही हात पँटच्या खिशात घालून चालले, देवळात चोरी करायला आलेल्या माणसासारखे.

एका टोकाला ती दिसली. साधी. ना नक्षी, ना चांदीचं काम. काळा दस्ता, लांब नळी, आणि उजव्या अंगाला गोळा असलेली एक दांडी. ती उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. दर वेळी एक गोळी. दुकानाचा पोरगा तिथलाच, पांढरा स्वच्छ पायघोळ कंदुरा घातलेला, हिंदी असं बोलत होता की आमच्या सईने लाजावं.

"क्या मारेगा, हबीबी? हिरन?"

"कुछ नहीं मारेगा," साहेब म्हणाले.

"सूअर?"

"नहीं. सिर्फ रखेगा."

पोरगा हसला. "रखने के लिए महंगा लो. ये सस्ता वाला तो मारने के लिए है."

"कितना?"

"तीन हजार दिरहम. पांच गोली आता है अंदर. तुम मर जाएगा, ये खराब नहीं होगा."

साहेब पुटपुटले, "सत्तर हजार. आक्काची धाकटी म्हैस याहून महाग पडली." मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "परवडते हो, मोकाशी. जरा महाग असती तर जमत नाही म्हणून सुटलो असतो."

पोराने ती त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी हात खिशातून काढले नाहीत. माझ्याकरवी परवान्याची झेरॉक्स मात्र दाखवली, पोराने ती वाचली, इथल्या पोलिसांच्या परवानगीचं काय करायचं ते नीट सांगितलं आणि म्हणाला, "एक हफ्ता तुम्हारे नाम पे रखता हूं. फिर खलास."

त्या आठवड्यात साहेब सुकत चालले. आमच्या धंद्यात कुठलंही नवं काम काढायचं तर आधी धोक्यांचा तक्ता बनवावा लागतो. काय होऊ शकतं, होण्याची शक्यता एक ते पाचात किती, झालं तर परिणाम एक ते पाचात किती. साहेबांनी घरी बसून दोन तक्ते केले. पहिल्याचं नाव 'सामान घेतलं तर'. त्यात एकेचाळीस धोके होते. मी वाचले. भाचेजावयाने 'बघू बघू' म्हणून हातात घेणे. वरातीत उडवायला कोणी मागणे, नाही म्हटल्यास वैर येणे. बिबट्या जखमी होऊन उसात बसणे, म्हणजे शेजाऱ्याच्या पोरांवर येणे. बिबट्या मेला तर तुरुंग. काडतुसं एकीकडे, बंदूक दुसरीकडे, किल्ली तिसरीकडे, आणि बिबट्या ओट्यावर. आक्काला अंधारात म्हैस बिबट्या वाटणे. सगळ्यात शेवटचा, एकेचाळिसावा, मी दोनदा वाचला. लिहिलं होतं: मला अंधारात आक्का बिबट्या वाटणे.

दुसरा तक्ता, 'नाही घेतलं तर'. त्यात एकच ओळ होती. 'आक्का.' शक्यता पाच. परिणाम पाच.

सईने दोन्ही कागद वाचले आणि खाली ठेवले. "बाबा," ती म्हणाली, "व्हाय डोंट यू ब्रिंग हर हिअर?"

"विचारलं. ती म्हणते, म्हशींचा व्हिसा काढ."

गुरुवारी साहेब म्हणाले, "हात न लावता कसं ठरवायचं? कुठलंही यंत्र चालवून पाहिल्याशिवाय मी कधी पास केलं नाही." म्हणून आम्ही नेमबाजीच्या एका क्लबात गेलो. तिथे कोणीही पैसे भरून, ओळखपत्र ठेवून गोळ्या झाडू शकतो. शिकवायला एक फिलिपिनो बाई होती, माझ्या खांद्याएवढी, पण आवाज असा की गोळी घाबरून परत नळीत जावी. रायफल लहान काडतुसांची होती, पण तीच रीत. उचल, मागे, पुढे, खाली.

गॉगल आणि कानावरच्या टोप्या साहेबांनी तीनदा तपासल्या. बाईंना आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं ते विचारलं. त्यांची बोटं इतकी थरथरत होती की पहिलं काडतूस खाली पडून गडगडत माझ्या बुटापाशी आलं. मी मनात म्हटलं, संपलं. आता हे रायफल खाली ठेवतील, आपण चहा पिऊ आणि घरी जाऊ.

त्यांनी दांडी पुढे ढकलली आणि खाली दाबली.

आणि थरथर थांबली.

मी साहेबांना चौदा वर्षं ओळखत होतो. त्यांचा हात स्थिर मी कधी पाहिला नव्हता. सही करतानासुद्धा नाही. आता तो असा होता की त्यावर भरलेली कपबशी ठेवावी. खांदे खाली आले. जबडा सैल पडला. कपाळावरची ती कायमची आठी इस्त्री फिरवल्यासारखी गेली. त्यांनी चाप ओढला. उचल, मागे, पुढे, खाली. पुन्हा. घाई नाही, श्वास वर नाही. पाच गोळ्या. बाईंनी कागद जवळ ओढून आणला. पाचही भोकं एका बशीत मावतील एवढ्या जागेत.

"सर, यू आर नॅचरल," त्या म्हणाल्या.

साहेबांनी रायफल खाली ठेवली नाही. रिकामी होती तरी डोळा लावून समोर बघत राहिले. मी हाक मारली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि, यात मी तिखटमीठ लावत नाही, मला त्या माणसाची पहिल्यांदा भीती वाटली. ओळखीचं त्यात काही नव्हतं.

पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीपाशी ते दार न उघडता उभे राहिले.

"मोकाशी, आत मला भीती वाटली नाही."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं?" त्यांनी टपावर हात ठेवला आणि चटका बसून काढला. "तुम्हाला यादय्याचं कधी सांगितलं नाही."

बावीस वर्षांपूर्वी ते एका इमारतीच्या कामावर स्टोअरकीपर होते. सेफ्टीशी संबंध नाही. यादय्या आंध्रातला, दुबईच्या सोनापूरमधल्या मजुरांच्या कॅम्पात राहणारा गवंडी. एका दुपारी साहेब खाली उभे होते. वर परांचीच्या फळीचा एका टोकाचा दोर सुटलेला त्यांना दिसला.

"दिसला मला. मनात आलं, जेवून आलो की सांगू. वारा सुटला होता छान, फेब्रुवारीतला. काही म्हणजे काही वाटलं नाही हो. निवांत होतो. डब्यात मेथीची भाजी होती." त्यांनी चटका बसलेला तळवा पँटला पुसला. "मी हात धूत होतो तेव्हा आवाज आला."

मी गाडीची किल्ली परत खिशात टाकली. 

"तेव्हापासून मी भीती सोडलेली नाही. सकाळी उठलो की आधी ती आहे ना बघतो. लोक हसतात, हसू देत. आणि आत ती दांडी खाली दाबली तशी ती गेली, मोकाशी. फट्दिशी. मला वाटलं, येऊ दे आता कोण येतंय ते. कोण येतंय. बिबट्या असं नाही वाटलं. ओट्यावर मागून आक्का आली असती तरी..."

ते तसेच गाडीत बसले, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला. रस्त्याला लागल्यावर काचेकडे बघत हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू? मला ती परत हातात हवी आहे."

त्या दिवशी शेजारच्या सीटवरून त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही. घर येईपर्यंत मीच घाबरून चालवत होतो.

शुक्रवारी आठवड्याची मुदत संपत होती. दुपारी कामावरून सुटल्यावर साहेब माझ्या गाडीत येऊन बसले आणि म्हणाले, "साक्षीदार हवा." फोन स्पीकरवर लावला.

"हबीबी," ते म्हणाले, "वो किसी और को दे दो."

"क्यों? पैसा ज्यादा?"

"नहीं. पैसा ठीक था."

"डर गया?"

"हां भाई," खांडगेसाहेब म्हणाले, आणि कोणी बढतीची बातमी सांगावी तसं म्हणाले. "डर गया."

पोरगा मग म्हणाला, "अल्ला तुमको सलामत रखे," आणि फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. छातीवरचा दगड उतरला. पण साहेबांनी लगेच दुसरा नंबर फिरवला. तिकडून म्हशीचा आवाज आला आणि मग आक्कांचा.

"काय रे दत्ता, भरदिवसा?"

"आक्का, बंदूक घेत नाही."

"बरं केलंस. मला आधी तुझ्यापासून जीव वाचवावा लागला असता."

"मी येतोय. सहा महिने थांबत नाही. पुढच्या महिन्यात येतो, कायमचा."

"तू?" आक्का हसल्या ते पार्किंगभर ऐकू गेलं असेल. "तू येऊन काय दिवे लावणार? पालीला घाबरतोस तू."

"घाबरायलाच येतोय," साहेब म्हणाले. "तुला येत नाही म्हणून."

आक्कांचं हसू थांबलं. मग त्या म्हणाल्या, "ये मग. पण म्हशीला घाबरलास तर दूध काढायला मीच."

सहा महिने आधी सोडल्यामुळे काय काय गेलं ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनींची शाळेतली नोकरी मार्चपर्यंत होती, त्या आणि सई मागे राहिल्या. विमानतळावर सईने त्यांना मिठी मारली आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून प्लग काढत जा, प्लग काढत जा, एवढंच सांगितलं. जगातला सगळ्यात भित्रा माणूस बिबट्याच्या दारात राहायला निघाला होता, दोन बॅगा घेऊन, आणि त्यातली एक सौरदिव्यांनी भरलेली.

डिसेंबरात मी सुट्टीवर गेलो तेव्हा पुण्याहून गाडी काढून मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. घराभोवतीचा ऊस त्यांनी आक्कांशी भांडून तिन्ही बाजूंनी पन्नास-पन्नास पावलं मागे रेटला होता. ओट्याला छतापर्यंत जाळी. गोठा घराला जोडून आत घेतलेला. खांबाखांबाला दिवे. दारावर एक कागद: 'कडी काढण्यापूर्वी ऐका, बघा, पुन्हा ऐका.' आक्कांनी त्या कागदाला हळदीकुंकू लावून ठेवलं होतं.

साहेबांच्या गळ्यात एक पट्टा होता. जाड पट्ट्याला बाहेरच्या बाजूने दोन-दोन इंचाचे खिळे. माझी थट्टा करतात असं मला वाटलं. मग रस्त्याने गवत घेऊन जाणाऱ्या दोन बायकांच्या गळ्यातही तेच दिसलं. बिबट्या मान धरतो म्हणून त्या भागात शेतावर जाताना माणसं खिळ्यांचे पट्टे घालतात. आयुष्यभर गोष्टी फुगवत आलो, पण ही मला सुचली नसती.

आक्का मला चहा देत म्हणाल्या, "गाव हसतंय त्याला. दुबईहून आला आणि हात हलवत आला म्हणतात."

गेल्या महिन्यात गोठा बांधून पुरा व्हायच्या आत म्हशीचं रेडकू गेलं होतं. साहेब जाळीच्या आत उभे होते, टॉर्च मारत होते, डबा वाजवत होते. दहा पावलांवरून नेलं बिबट्याने.

मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "पस्तावता का हो?"

"रोज," ते म्हणाले. "दिवस मावळला की सुरू होतं, उजाडलं की थांबतं."

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी मला उठवलं. चहाचा दुसरा कप अर्धा होता, तो ओतून टाकला. "निघा. आणि गाडीत बसल्यावर काच वर." दोघंही मला सोडायला फाटकापर्यंत आले. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. मी गाडी सुरू केली आणि आरशात मागे बघितलं.

साहेब उसाकडे तोंड करून उभे होते. त्याच्याकडे पाठ करायची नाही हा त्यांचा नियम असावा, कारण ते तसेच उलट्या पावलांनी घराकडे निघाले. दोन्ही हात पुढे धरलेले, रिकामे. इतके थरथरत होते की मला आरशातून दिसलं. मागे आक्का होत्या. त्यांनी भावाचा सदरा कमरेपाशी मुठीत धरला होता आणि त्याला घराकडे मागे मागे ओढून नेत होत्या. मी काच वर केली नव्हती. त्यांचा आवाज येत होता.

"ये... ये... डावीकडं खड्डा आहे... ये... आता थांब. पायरी."